बाजारच्या टोपलीतला महिना



आज आपण बाजाराविषयी बोलणार आहोत. बाजार कुणाला नवा नाही. आपल्यातले काही जण विकायला जातात, काही घ्यायला जातात. पुष्कळ जण दोन्ही करतात. सकाळी टोपली विकतात आणि दुपारी त्याच पैशांत तेल, मीठ, सुकी मासळी आणि पोरांच्या वह्या घेऊन घरी येतात. तेव्हा बाजार म्हणजे काय हे आम्ही तुम्हांला शिकवावे, असे मुळीच नाही. त्यातल्या एकाच गोष्टीकडे आपण जरा निरखून पाहू.

ती गोष्ट म्हणजे जमिनीवर मांडलेली टोपली.

बाजारात दोन तऱ्हेचा माल येतो. एक माल ट्रकमधून येतो. कोबी, फ्लॉवर, टोमॅटो, बटाटा. तो बारा महिने तसाच दिसतो. श्रावणात पाहा, नाही तर माघात पाहा. दुसरा माल डोक्यावरून येतो. टोपलीत नाही तर फडक्याच्या गाठोड्यात. तो दर पंधरवड्याला बदलतो. आज आहे तो पुढच्या महिन्यात शोधूनही सापडत नाही. जिने तो पिकवला किंवा रानातून खुडला, तीच बाई तो विकायला समोर बसलेली असते. भाजी कशी निवडायची, कशात शिजवायची, हे तिला विचारा. ती सांगेल. ट्रकच्या मालाला असे विचारता येत नाही.

आपला मुलूख कसा आहे पाहा. पश्चिमेला समुद्र. सातपाटी, शिरगाव, केळवे, माहीम, तारापूर, चिंचणी ही किनाऱ्याची गावे. तिथे विहिरीच्या पाण्यावर वाड्या होतात. विड्याची पाने, केळी, भाजी, सोनचाफा, जास्वंद हे तिकडून येते. पूर्वेला डोंगर. विक्रमगड, जव्हार, मोखाडा तिकडे. तिथे भात, नागली, वरई आणि रानचा मेवा. मधून रेल्वे जाते. डोंगरातली टोपली आणि वाडीतली टोपली रेल्वेच्या गावांत एकमेकींशेजारी बसतात. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून निघून आपला पालघर जिल्हा वेगळा झाला. पण डोंगर आणि समुद्र यांची ही देवघेव त्याच्या फार आधीची आहे.

आता बोईसरचे पाहू. १९६९ साली तारापूरला देशातले पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. पुढे बोईसरच्या बाजूला कारखान्यांची वसाहत वाढली. लांबलांबून माणसे पोटासाठी आली. त्यांनाही भाजी लागतेच. पण टोपलीतला पाला त्यांच्या ओळखीचा नाही. मग ती कोबी नि बटाटा घेतात, आणि मावशीची टोपली अर्धी भरलेलीच परत जाते. यात त्यांचा दोष नाही. जे कधी पाहिले नाही ते ताटात कसे घ्यावे? ओळख कुणी तरी करून द्यायला हवी. शेजारच्या खोलीत दुसऱ्या मुलखातली बाई राहत असेल, तर एक दिवस तिला वाटीभर भाजी द्या. पुढच्या आठवड्यात ती आपणहून टोपलीपाशी उभी राहील.

टोपलीला महिना असतो, असे आम्ही म्हणतो. ज्याला अक्षर येत नव्हते त्यालाही टोपलीवरून महिना कळत होता. ताडगोळे आणि करवंदे आली की वैशाख. जांभळे आली की जेठ. आणि शेवळं आली की पाऊस.

शेवळं हे मोठे नवलाचे आहे. पहिल्या पावसाने जमीन भिजली, की झाडांच्या सावलीत भुईतून एक कोंब वर येतो. पान नाही, फांदी नाही, नुसता तपकिरी-जांभळा दांडा. तो फुलाचा दांडा असतो. पान मागाहून येते. आत भुईत सुरणासारखा कंद असतो. तो सगळा उन्हाळा पाण्यावाचून निजून राहतो आणि पहिल्या सरीला जागा होतो. शेवळांचे दिवस फार थोडे. दोन-तीन आठवडे, फार तर महिना.

शेवळं खाजरी असतात. त्यांत चुन्याच्या जातीचे सुईसारखे बारीक खडे असतात. ते नुसत्या डोळ्यांनी दिसत नाहीत, पण जिभेला आणि घशाला टोचतात. म्हणून वरचे आवरण सोलायचे, आतल्या दांड्याचा पिवळा भाग काढून टाकायचा, उरलेले बारीक चिरायचे आणि तेलात चांगले परतायचे. मग त्यात आंबट घालायचे. आपल्याकडे त्यासाठी काकड घालतात. काकड म्हणजे आवळ्याएवढी हिरवी, आंबट-तुरट फळे. ती ठेचून त्यांचा रस घातला की खाज मरते. काकड नसेल तर चिंच. गंमत अशी, की शेवळं आणि काकड रानात एकाच सुमारास येतात. बाजारातली मावशी जुडीबरोबर मूठभर काकडं आपणहून देते. ती नको म्हणून परत करणारे गिऱ्हाईकही आम्ही पाहिले आहे. त्या रात्री त्या घरात काय झाले असेल ते सांगायला नको!

एक गोष्ट खुडणाऱ्यांसाठी. शेवळ ओढून काढताना कंद हाती आला, तर पुढच्या वर्षी त्या जागी शेवळ नाही. वरचा कोंब तेवढा घ्यावा. एका जागचे सगळेच घेऊ नयेत. अनेक वारली पाड्यांवर पावसातली पहिली कवळी भाजी आधी देवाला दाखवतात आणि मग घरात शिजवतात. तोवर कुणी तिला हात लावत नाही. त्यामुळे भाजीला वाढायला तेवढे दिवस मिळतात. जुन्या माणसांनी हा नेम का घातला असेल, ते ज्याने त्याने पाहावे. आम्हांला तो शहाणपणाचा वाटतो.

कवळीच्या मागोमाग टाकळा येतो, कुर्डू येते, भारंगी येते, बांबूचे कोंब येतात. टाकळा कोवळा असेपर्यंतच खावा. संध्याकाळी त्याची पाने मिटतात, त्यावरून पोरेसुद्धा तो ओळखतात. भारंगी कडू असते, म्हणून आधी उकडून पाणी टाकून देतात. करटोली आषाढ-श्रावणात. करटोलीचा नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा असतो. फळ धरते ते मादी वेलाला. म्हणून बांधावर करटोली लावायची असतील तर दोन्ही तऱ्हेचे वेल जवळ हवेत. अलीकडे कृषी खाते ऑगस्ट महिन्यात, ९ तारखेच्या आदिवासी दिनाच्या सुमारास, ठिकठिकाणी रानभाज्यांचे महोत्सव भरवते. तिथे भाज्यांवर नावांच्या चिठ्ठ्या लावलेल्या असतात. आता तुम्हांला वाचता येते. त्या चिठ्ठ्या वाचा, आणि नाव चुकले असेल तर तिथल्या साहेबांना खुशाल सांगा.

मात्र ओळख नसलेला पाला आपल्या मनाने रानातून आणून शिजवू नये. जाणत्या बाईकडूनच घ्यावा.

फळांचेही थोडे सांगू. बहाडोलीचे जांभूळ, घोलवडचा चिकू, वाड्याचा कोलम तांदूळ ही नावे तुम्ही ऐकली आहेत. या तिन्हींना सरकारी दप्तरात भौगोलिक मानांकन मिळाले आहे. चिकूला २०१६ साली मिळाले, कोलमला २०२१ साली. भौगोलिक मानांकन म्हणजे काय? तर अमुक गुणाचा माल अमुक मुलखातच होतो, अशी नोंद. दुसरीकडचा चिकू घोलवडचा म्हणून विकता येत नाही. कुणी विकला तर तक्रार करता येते. चिकू काही मूळचा इथला नव्हे. तो मेक्सिकोकडचा. मिरचीदेखील त्याच बाजूची. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती आपल्या देशात आली. तारापूरचा किल्ला १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेने घेतला, पोर्तुगीज गेले. पण मिरची राहिली. आज वाणगावकडची मिरची खाताना ती परक्याची आहे असे कुणाला वाटते?

भादव्यात टोपलीत फुले अधिक. आपल्याकडे पुष्कळ घरी तेरड्याची गौर आणतात. तेरडा कुणी पेरत नाही. पावसाबरोबर माळावर आपोआप उगवतो, आणि ज्यांच्याकडे जमिनीचा तुकडाही नाही अशा बायांना त्या दोन-तीन दिवसांत चार पैसे मिळतात. त्याबरोबर हळदीची पाने येतात, पत्री येते, कळलावीची लाल-पिवळी फुले येतात. कळलावी दिसायला फार देखणी. पण तिचा कंद विषारी असतो, म्हणून पोरांच्या हाती देऊ नये. दसऱ्याला झेंडू आणि आपटा. आपट्याच्या फांद्या ओरबाडून झाड बोडके करणे आम्हांला पसंत नाही. चार पाने पुरतात.

थंडीत वालपापडी, कोनफळ, करांदे, रताळी आली, की उकडहंडीचे दिवस. तिचे वर्णन करत बसलो तर तुम्हांला भूक लागेल, म्हणून पुढे जाऊ.

आता मोगरा. त्याच्याविषयी जरा सावकाश बोलायचे आहे.

डोंगराच्या बाजूला पाऊस उदंड पडतो आणि वाहून जातो. भाताचे एक पीक निघते. दिवाळी झाली की शेतात काम नाही आणि विहिरीत पाणी नाही. मग माणसे उचल घेतात आणि वीटभट्टीवर जातात. भिवंडी, वसई, कुठेही. बायको जाते, पोरे जातात, म्हातारी तेवढी पाड्यावर राहते. पोराची शाळा सुटते ती कायमची. उचल किती घेतली, फिटली किती, हे मालकाच्या वहीत असते. ती वही ज्याला वाचता येत नाही, त्याचे कर्ज दर वर्षी नवे होते. आपल्या वर्गात असे किती जण आहेत, हे आम्ही विचारत नाही. तुम्हांला ठाऊक आहे.

विक्रमगड, जव्हारकडच्या काही पाड्यांनी गेल्या काही वर्षांत मोगरा लावला. मोगऱ्याला फार जमीन लागत नाही. काही गुंठे पुरतात. पाणी लागते, पण भाजीपाल्याइतके लागत नाही. पावसाळ्यात रोपे लावतात. पुढच्या वर्षीपासून फुले हाती येऊ लागतात, आणि नीट राखले तर तेच झुडूप वर्षानुवर्षे फुलते. पाऊस संपला की झाडाला काही दिवस पाणी देत नाहीत, थंडीत छाटणी करतात, मग खत-पाणी देतात. माघ-फाल्गुनात कळ्या सुरू होतात आणि पावसाळ्यापर्यंत चालतात. म्हणजे वीटभट्टीचे जे दिवस, तेच मोगऱ्याचे दिवस. मोगऱ्याची कळी रोज खुडावी लागते. एक दिवस चुकला की कळी उमलली आणि फुकट गेली. ज्याच्या दारी मोगरा आहे त्याला भट्टीवर जाता येत नाही! तो घरीच राहतो, आणि त्याचे पोर शाळेत राहते. सगळ्यांचेच असे झाले असे आम्ही म्हणत नाही. ज्याच्याजवळ विहीर नाही, बोअर नाही, त्याला हे जमलेले नाही. त्याच्यासाठी आधी पाणी हवे.

कळी पहाटे खुडतात, मिटलेली असतानाच. ऊन वर आले की ती सैल पडते. खुडलेली कळी ओल्या फडक्यात सावलीत ठेवावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधली तर तिला घाम सुटतो आणि ती तपकिरी पडते. तिथून माल मुंबईला, दादर स्टेशनजवळच्या फूलबाजारात जातो. पश्चिम रेल्वेची लोकल २०१३ साली डहाणूपर्यंत आली, तेव्हापासून फुलांच्या नि भाजीच्या टोपल्यांची सोय झाली. सकाळची कळी संध्याकाळी कुणाच्या तरी वेणीत उमलते. तिला गजरा आवडतो म्हणून ती घेते, एवढेच. पण त्या गजऱ्यातल्या कळ्या ज्या हातांनी खुडल्या, ते हात या वर्षी विटा थापत नाहीत. म्हणून कुणी म्हणाले, की फुलांवर पैसे घालवणे ही चैन आहे, तर आम्हांला ते पटत नाही.

आता पट्टीचे. माल विकला की अडत्या कागद देतो. त्याला पट्टी म्हणतात. बरेच जण पट्टी घडी करून खिशात घालतात आणि हाती आले तेवढे पैसे मोजतात. तसे करू नका. पट्टी वाचा. तीवर चार गोष्टी असतात. वजन किती, भाव किती, कापले काय काय, आणि हाती किती. समजा, माल ६ किलो, भाव किलोला २०० रुपये. सहा दुणे बारा, म्हणजे १२०० रुपये. अडत शेकडा १० कापली तर १२० गेले. गाडीभाडे ८० गेले. १२०० मधून २०० वजा केले, राहिले १०००. पट्टीवर ९०० असेल, तर शंभर कुठे गेले ते विचारा. घरून निघताना वजन करून वहीत लिहून ठेवा, म्हणजे वाटेत किलो-अर्धा किलो कुठे जिरला तेही कळेल. विचारायला लाज वाटू देऊ नका. अडत्याशी भांडायचे नाही. नुसता आकडा विचारायचा.

टोपली घेऊन जवळच्या बाजारात बसणाऱ्या बायांचा हिशेब निराळा असतो. गाडीतून उतरताच एखादा माणूस पुढे येतो आणि म्हणतो, "बाय, सगळी टोपली दे, दोनशे घे नि घरी जा." ऊन असते, पोर घरी असते. दोनशे रुपये एकरकमी दिसतात. पण टोपलीत १५ वाटे होत असतील आणि वाटा २० रुपयांना जात असेल, तर ३०० होतात. सगळेच वाटे खपतील असे नाही. दहा खपले तरी २०० झाले, आणि पाच वाटे अजून जवळ राहिले. घाईचे काम असेल तर द्या टोपली. पण हा हिशेब मनात करून द्या. २०१६ सालापासून राज्यात फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला आहे, आणि संत सावता माळी यांच्या नावाने सरकारने शेतकऱ्यांचे आठवडे बाजारही सुरू केले. म्हणजे शेतकऱ्याने थेट गिऱ्हाइकाला विकायला कायद्याची आडकाठी नाही. आडकाठी असते ती जागेची, सावलीची आणि पिण्याच्या पाण्याची. ती ग्रामपंचायतीत मागावी. अर्ज कसा लिहायचा ते आपण मागच्या पाठात शिकलो आहोतच.

वजनाचे काय? १९५७ साली नवे पैसे आले, त्यामागोमाग किलो आला. शेर कागदोपत्री गेला, पण तोंडातून अजून गेला नाही. आजही गिऱ्हाईक पावशेर मागते आणि पाव किलो घेते. मोजून विकत असाल तर काट्यावर सरकारी शिक्का असावा. घेणाऱ्याने तो पाहावा, विकणाऱ्याने तो दाखवावा. हल्ली पुष्कळ गिऱ्हाइके मोबाईलवरून पैसे देतात. "पाठवले बघा, मावशी," म्हणतात आणि आपला मोबाईल दाखवतात. त्यांच्या मोबाईलमधले पाहू नका. आपल्या मोबाईलवर आलेला आकडा वाचा. वीस की दोन, हे ओळखण्यापुरते अंक आपल्या वर्गात सगळ्यांना येतात.

घेणाऱ्यांनाही एक सांगायचे आहे. मोठ्या दुकानात पाकिटावर छापलेला भाव आपण मुकाट्याने देतो. तिथे कुणी घासाघीस करत नाही. आणि जी म्हातारी पहाटे तीनला उठून डोंगर उतरून आली, तिच्याशी पाच रुपयांसाठी हुज्जत घालतो. भाव विचारावा, एकदा कमी करून पाहावा. बाजार आहे, तेवढे चालायचेच. तीही हसून म्हणेल, "घे गं बाय, तुला म्हणून." पण वाट्यात आणखी दोन मुठी ओढून घेणे, वर मिरच्या फुकट मागणे, हे बरे नव्हे. एक मूठ म्हणजे तिच्या रानातल्या दहा-वीस फेऱ्यांतली एखादी फेरी असते.

आता वैशाख संपत आला आहे. जांभळे लवकरच येतील. पुढच्या वर्गाला येताना ज्यांच्याजवळ फुलांची पट्टी असेल त्यांनी ती जपून आणावी. आपण ती फळ्यावर मांडून सगळे मिळून वाचू. नाव झाकून वाचू, म्हणजे कुणाला संकोच नको. बाकीच्यांनी या आठवड्याच्या बाजारात टोपल्यांत काय काय पाहिले ते वहीत लिहून आणावे. नाव, भाव आणि कुठून आले ते गाव, एवढे पुरे. आणि तोवर पाऊस पडून कुणी शेवळं आणली, तर काकडं आणायला विसरू नका.